पोळी, टाळी आणि नीतिशास्त्र

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्या घराघरांत ठाऊक आहे. म्हणीने पोळी खाणाऱ्याला लबाड ठरविलेले नाही, हे मात्र आपण विसरतो. टाळी वाजविणारा पुष्कळदा मनापासूनच वाजवीत असतो. खरा धोका तेथेच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे नीतिशास्त्र आणि त्यासंबंधीचे सार्वजनिक धोरण यांच्या अभ्यासासाठी आज पाश्चात्त्य देशांत अनेक अधिछात्रवृत्त्या दिल्या जातात. आपली मुले त्यांना फेलोशिप म्हणतात. कोणाला कर्ज नाकारावे, कोणाचा नोकरीचा अर्ज बाजूला सारावा, हे यंत्र ठरवू लागले असताना असा अभ्यास व्हायलाच हवा. आमचा आक्षेप अभ्यासाला नाही. त्यासाठी येणारा पैसा कोणाच्या हातून येतो, हा आमचा प्रश्न आहे.

जानेवारी २०१९ मध्ये फेसबुकने म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्राची संस्था उभारण्यासाठी पाच वर्षांकरिता ७५ लाख डॉलर जाहीर केले. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणामुळे २०१८ साली जिला जगभर जाब विचारला गेला, तीच कंपनी वर्षभरात नीतीच्या अभ्यासाची आश्रयदाती झाली. वॉशिंग्टनमध्ये होरायझन ही संस्था तरुण तज्ज्ञांना संसद सदस्यांच्या कार्यालयांत आणि सरकारी खात्यांत फेलो म्हणून पाठविते. या संस्थेला ओपन फिलॅन्थ्रॉपी या प्रतिष्ठानाकडून मोठा निधी मिळाल्याकडे 'पोलिटिको'ने ऑक्टोबर २०२३ मध्ये लक्ष वेधले. त्या प्रतिष्ठानाचे प्रमुख देणगीदार फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक. शिवाय त्याच प्रतिष्ठानाने २०१७ साली ओपनएआयला ३ कोटी डॉलरचे अनुदान दिले होते.

यावर उत्तर मिळते की संशोधक स्वतंत्र आहेत, त्यांना कोणी काही सांगत नाही. हे उत्तर आम्ही खोटे मानीत नाही, कारण आम्ही स्वतः त्या वाटेने गेलो आहोत. एका धर्मग्रामात असताना सभागृहाच्या छपरासाठी एका बांधकाम व्यावसायिकाने भरघोस देणगी दिली. त्या वर्षी मजुरांच्या वेतनावर प्रवचन लिहिताना बांधकामावरील मजुरांविषयीचे वाक्य आम्ही खोडले. त्या गृहस्थाने आम्हास एका शब्दानेही सुचविले नव्हते. छप्पर अजून गळत नाही. ते खोडलेले वाक्य मात्र आजही सलते.

दाता उत्तर विकत घेत नाही; कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याच्या उपस्थितीने ठरते. यंत्र अधिक निष्पक्ष कसे करावे, या विषयाला निधी सहज मिळतो. ते यंत्र मुळात वापरावेच का, हा विषय मागे पडतो. चॅटजीपीटीसाठी हिडीस मजकूर वाचून वेगळा करणाऱ्या केनियातील कामगारांना ताशी दोन डॉलरहूनही कमी मिळत होते, हे जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने उघड केले. ते काम एका पत्रकाराने केले. आणि टाळी न वाजविणाऱ्याचे काय होते? भाषिक प्रारूपांच्या धोक्यांविषयीच्या एका निबंधावरून वाद झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये टिमनिट गेब्रू यांचे गुगलमधील काम संपले. कंपनीच्या मते तो राजीनामा होता. त्यांच्या मते ती हकालपट्टी होती.

आपली ख्रिस्तसभाही या प्रश्नातून सुटलेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने काढलेल्या रोम आवाहनावर मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी स्वाक्षऱ्या केल्या. संवाद हवाच, परंतु स्वाक्षरी म्हणजे तपासणी नव्हे, हे आपण विसरता कामा नये.

मग पैसा नाकारावा काय? नाही, पैसा आणि दात्याचा हात यांमध्ये भिंत उभारावी. २०१९ साली अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान आणि अ‍ॅमेझॉन यांनी यंत्रांच्या निष्पक्षतेवरील संशोधनासाठी प्रत्येकी १ कोटी डॉलरपर्यंत देण्याचे ठरविले. संशोधकांच्या निवडीत कंपनीला स्थान ठेवले नाही. ही अर्धी भिंत झाली, कारण विषय दोघांनी मिळून ठरविला होता. पूर्ण भिंत हवी असेल तर कंपन्यांनी देणगीऐवजी सक्तीची पट्टी सार्वजनिक निधीत भरावी, विषय ठरविताना यंत्रांची झळ सोसणाऱ्यांचाही आवाज असावा, आणि प्रत्येक करारपत्र जनतेला वाचायला खुले असावे.

आपल्यापैकी एखाद्या घरातील मुलगी अशी फेलोशिप मिळवून परदेशी निघेल, तेव्हा पेढे अवश्य वाटा. पण निरोप देताना तिला एवढे विचारा : ज्याच्या पैशावर तू शिकणार आहेस, त्याच्याविरुद्ध तुला लिहावे लागले तर तुझी वृत्ती टिकेल, असे त्या कागदावर कोठे लिहिले आहे काय? लिहिले नसेल, तर आम्ही खोडले तसे एखादे वाक्य तीही एके दिवशी खोडील. आणि कोणी खोडायला लावले, हे तिला सांगता येणार नाही.