वाहनातील सुगंध आणि आपला औषधी काउंटर

आपल्या त्रैमासिकात मोटारगाडीच्या वासाविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही व्यवसायबंधूंना पडेल. परंतु गेल्या काही वर्षांत औषधी दुकानांच्या काउंटरवर च्यवनप्राश आणि दंतमंजन यांच्या शेजारी ‘हर्बल कार परफ्यूम’च्या कुप्या आणि कापराच्या जाळीदार डब्या येऊन बसल्या आहेत. माझ्या चिकित्सालयाला जोडून असलेल्या दुकानातही त्या होत्या. त्या मी का काढल्या, हे व्यवसायबंधूंसमोर मांडणे मला आवश्यक वाटते.

भाड्याची गाडी चालविणारे एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्याकडे येत असत. शिंका, नासास्राव आणि दुपारनंतर वाढणारा शिरःशूल अशी त्यांची तक्रार होती. प्रतिश्यायाची रीतसर चिकित्सा केली. सितोपलादि, लक्ष्मीविलास, अणुतैलाचे नस्य, दही वर्ज्य. दोन महिने झाले तरी उपशय तात्पुरताच. गाडी उभी असते त्या दिवशी बरे वाटते, असे ते एकदा म्हणाले होते. मी ते विश्रांतीच्या खाती टाकून पुढे गेलो. ही चूक माझी.

पुढे ऐन श्रावणात त्यांच्याच गाडीने पुण्याहून साताऱ्यास जाण्याचा योग आला. पावसामुळे काचा बंद. आरशाला एक कुपी लटकलेली, वातानुकूलनाच्या झडपेवर दुसरी, आणि पुढे कापराची डबी. ती डबी माझ्याच दुकानातली! शिरवळ येईपर्यंत माझे डोके जड झाले. त्यांना विचारले तर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मला तर काहीच वास येत नाही. गिऱ्हाइकं कुबट वास येतो म्हणतात, म्हणून एकेक लावत गेलो.” चहाला थांबलो असता पुढील आसनाखालची रबरी मॅट उचलून पाहिली. खालचा नमदा पाण्याने थबथबलेला होता.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात असात्म्य इंद्रियार्थसंयोगाचे विवेचन केले आहे. अतितीक्ष्ण गंधाचा अतियोग आणि पूती, क्लिन्न अशा गंधांचा मिथ्यायोग हे दोन्ही तेथे घ्राणेंद्रियास बाधक मानले आहेत. या गाडीत मिथ्यायोग आधीच होता. त्यावर आपण अतियोगाचा थर चढविला. शिवाय घ्राणेंद्रिय एकाच गंधास थोड्या वेळात सरावते, त्यामुळे ज्याला रोज आठ-दहा तास तेथे बसावयाचे त्यालाच वाढती मात्रा कळत नाही. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. स्वतःच्या काउंटरवर मात्र नेमके उलटे करतो.

निदान गॅरेजमध्ये सापडले. वातानुकूलन यंत्राच्या थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते. ते एका बारीक नळीतून गाडीखाली गळावयास हवे. ती नळी धूळ-पाल्याने बुजली की पाणी आत उतरते. कॉइल सतत ओली राहिली तर तेथे बुरशी धरते आणि यंत्र सुरू करताच तिचा वास तोंडावर येतो. नळी साफ केली, केबिन फिल्टर बदलला, नमदा काढून दोन दिवस उन्हात वाळविला. मुक्कामास पोहोचण्यापूर्वी चार-पाच मिनिटे शीतन बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे कॉइल कोरडी होते, हे मेकॅनिकने सांगितले. रुग्णाच्या शिंका पूर्ण थांबल्या नाहीत, त्यांची प्रकृती तशीच आहे. पण शिरःशूल गेला.

काही बंधू गाडीत धूपन सुचवितात. गुग्गुळ, वचा, सर्षप यांचे धूपन चरकाचार्यांनी बालकाच्या वस्त्रांसाठी सांगितले आहे आणि काश्यपसंहितेत तर धूपनावर स्वतंत्र कल्प आहे. म्हणून ते बंद गाडीत करावे असे नव्हे. मोकळ्या खोलीसाठी योजलेला धूर चार आसनांच्या पेटीत कोंडणे आणि त्यात श्वासाच्या रुग्णास बसविणे, यास शास्त्राचा आधार म्हणवत नाही.

अधिक गंभीर प्रश्न कापराचा आहे. बाजारातील बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून कृत्रिमरीत्या होतो, मग पुडीवर ‘भीमसेनी’ छापलेले असो वा नसो. तो खडीसाखरेसारखा दिसतो आणि गाडीत मुलांच्या हाताशी असतो. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅमच्या आसपास कापूर गेला तरी आक्षेपक येऊन प्राणावर बेतू शकते. असे झाल्यास वमन मुळीच देऊ नये, कारण आक्षेप अल्पावधीत सुरू होऊ शकतात. तत्काळ रुग्णालय गाठावे. अमेरिकेत कर्पूरतेलाच्या विक्रीवर १९८२ साली बंदी आली ती अशाच विषबाधांमुळे. आपण मात्र तो कोणतीही सूचना न देता, सुट्या पैशांच्या बदल्यातसुद्धा देतो. डांबरगोळ्यांविषयीही हीच काळजी हवी. जी-६-पीडी न्यूनता असलेल्या बालकांत त्या रक्तकणांचा नाश घडवितात.

दुकानदार बंधूंची अडचण मी जाणतो. या वस्तूंवर मिळणारी सूट शास्त्रोक्त औषधांपेक्षा चांगली असते. परंतु कुपीवर ‘सर्दी-दम्यापासून संरक्षण’ असे छापले की ती सुगंधी वस्तू राहत नाही. १९४० च्या औषध कायद्याच्या व्याख्येत रोगप्रतिबंधासाठी असलेले द्रव्यही येते. उत्पादन परवान्याचा क्रमांक नसलेला असा माल आपण विकत असू, तर उत्तर आपल्यालाही द्यावे लागेल. आणि ग्राहक कुपीवरील मजकुरावर नव्हे, दुकानाच्या पाटीवरील ‘आयुर्वेदीय’ या शब्दावर विश्वास ठेवून ती नेतो.

गाडीच्या वासाविषयी विचारणाऱ्यास मी आता आधी मॅट उचलून पाहावयास सांगतो. गाडी कोरडी असेल आणि तरीही सुगंध हवाच असेल, तर मूठभर वाळा, थोडा नागरमोथा आणि कपूरकाचरी सुती पिशवीत बांधून मागील डिकीत ठेवावी. पावसाळ्यात ती पंधरा दिवसांनी उन्हात घालावी; वाळा भिजवू नये, विदर्भातल्या ताट्यांचे तंत्र येथे चालत नाही. या पिशवीत दुकानदारास दहा-बारा रुपये सुटतात. कापूर आमच्याकडे अजूनही मिळतो, पण काउंटरच्या आत, घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि घरात लहान मूल आहे का हे विचारल्यावर.