झोपेच्या गोळीची जुनी चिठ्ठी

परवा ओपीडीत सत्तरीतल्या एका आजींनी केसपेपरसोबत घड्या पडून मऊ झालेली एक चिठ्ठी पुढे केली. पाच वर्षांपूर्वी पती गेले तेव्हा कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली अल्प्राझोलामची गोळी त्या अजूनही रोज घेत होत्या. नातू मेडिकलमधून आणून देतो. त्या दिवशी मात्र त्या आल्या होत्या, रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडल्या म्हणून. नशीब, खुब्याचं हाड वाचलं.

कायदा पाहिला तर असं घडायला नको. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 'शेड्यूल एच-१'मध्ये आहेत. मार्च २०१४ पासून ती विकताना रुग्ण, डॉक्टर, औषध आणि प्रमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं जपणं बंधनकारक आहे. तरीही जुनी चिठ्ठी चालते. पण दोष एकट्या मेडिकलवाल्याचा नाही. गर्दीच्या ओपीडीत गोळी लिहायला अर्धं मिनिट पुरतं. झोप का येत नाही हे विचारायला अर्धा तास लागतो. आम्ही डॉक्टरही सोपी वाट धरतो.

आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने झोपेची तक्रार राहिली तर तो जुनाट निद्रानाश. सुरुवात दुःखाने, आजाराने किंवा काळजीने होते. ते कारण ओसरतं, पण तोवर अंथरुणात तळमळत घड्याळ पाहण्याची सवय लागलेली असते. अंथरूण म्हणजे जागरण, हे मेंदू शिकतो. गोळी हे शिकलेलं पुसत नाही. काही आठवड्यांनी तिचा असर कमी होतो आणि ती एकदम सोडली की झोप आणखी बिघडते. मग माणूस ठरवतो, 'गोळीशिवाय आपलं जमणार नाही.'

यावरचा पहिला उपचार गोळी नसून वर्तनोपचार आहे. 'सीबीटी-आय' नावाच्या या पद्धतीला अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच पहिलं स्थान दिलं. साधारण चार ते आठ बैठकांत तो पूर्ण होतो. उठण्याची वेळ रोज एकच. पेंग आल्यावरच अंथरुणात जायचं. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं. झोप सहाच तास येत असेल तर नऊ तास लोळत राहायचं नाही. पहिले काही दिवस जड जातात, दिवसा पेंग येते. म्हणून वाहनचालकांनी, फिट्स किंवा गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं. घोरताना श्वास अडकणं, नैराश्य, थायरॉइड, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी ही कारणंही आधी तपासावीत.

अडचण आहे ती हा उपचार देणाऱ्यांची. मानसोपचारतज्ज्ञ सगळीकडे मिळणार नाहीत. पण प्रशिक्षण मिळालं तर समुपदेशक आणि परिचारिकाही या बैठका घेऊ शकतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात त्यांना जागा मिळायला हवी. तोवर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

एक विनंती. रोज गोळी घेत असाल तर हे वाचून आज रात्रीपासून ती बंद करू नका. एकदम सोडल्यास फिट येऊ शकते. डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा. आजींचीही आता अर्धी झाली आहे. जुनी चिठ्ठी मात्र मी केसपेपरला टाचून ठेवली. नातवाकडे परत दिली नाही.