मोबाईलवरचा डॉक्टर आणि घरातला माणूस

मनाच्या आजारावरचा डॉक्टर आता मोबाईलवर भेटतो, असे शासन अभिमानाने सांगते. मार्च २०२० मधील मार्गदर्शक सूचनांनी अशा दूरवरच्या उपचाराला चौकट दिली. ई-संजीवनीवर व्हिडिओद्वारे सल्ला मिळतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही आली. पण बीड जिल्ह्यात तो मोबाईल हातात धरायचा कोणी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे उरतात. आजा आजारी असेल तर फोन लावणे, गोळ्यांची पाकिटे दाखवणे, झोप-जेवण कसे आहे ते सांगणे, तो चिडला तर समजावणे, हे सारे बहुधा नातीच्या अंगावर पडते. तिची बुडालेली शाळा कोण मोजतो?

दुसरी बाजूही आहे. एका खोलीच्या घरात नवरा शेजारी बसला, तर त्याच्या दारूपायी मार खाणारी बाई डॉक्टरला काय सांगणार? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे, आपला प्रतिनिधी स्वतः नेमण्याचाही दिला आहे. म्हणून नातेवाइकाने फोन लावून द्यावा, आपल्याला दिसले ते सांगावे आणि बाहेर जाऊन बसावे.

आमची मागणी साधी आहे. उपकेंद्रात दार लागणारी एक खोली, सोबतीला रीतसर मानधनावर आशाताई, आणि कारखान्याच्या तळावरच्या कोपीपर्यंत हीच सेवा. दया नको, हक्क हवा!