मुक्काम गाडीत, जेवण गावात

दिवाळी उलटली की शुक्रवारी संध्याकाळी मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्या सह्याद्रीकडे निघतात. हल्ली त्यांत एक नवी तऱ्हा दिसते. कुणी व्हॅनच्या मागच्या सीट काढून गादी टाकलेली असते, कुणी टपावर तंबू बांधलेला असतो, कुणी ओटा आणि बेसिन असलेली कॅराव्हॅनच भाड्याने घेतलेली असते. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. शनिवार-रविवार घालवायची ही पद्धत मला मनापासून पटते. ज्यांना जमेल त्यांनी ती जरूर करून पाहावी. माझी विनंती एवढीच आहे, की झोपायची सोय सोबत न्या, पण खाणं आणि पिणं त्या गावावर सोपवा.

गाडीत झोपण्याचा खरा फायदा कळसूबाईला जाणाऱ्यांना लगेच कळेल. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पायथ्याचं गाव बारी, तालुका अकोले. बहुतेक मंडळी रात्रभर गाडी हाकत पहाटे बारीत पोचतात, डोळ्याला डोळा न लागता चढतात, दुपारी उतरतात आणि तशाच दमलेल्या अंगाने कसारा घाट उतरायला घेतात. मोठी भीती असते ती या परतीच्या रस्त्यावर, स्टिअरिंगवर डुलकी लागण्याची. तुम्ही शुक्रवारी रात्री वेळेत पोचलात आणि गाडीत सहा तास स्वस्थ झोपलात, तर पाचच्या सुमाराला ताजेतवाने निघाल, लोखंडी शिड्यांवर रांग लागायच्या आत वर असाल, आणि उतरल्यावर पुन्हा आडवं व्हायला जागा तयार असेल. रात्री उतरायची घाई नाही आणि झोपेत गाडी चालवणं नाही. एवढ्यासाठीसुद्धा ही पद्धत करून बघण्यासारखी आहे.

जिथे हॉटेल नाही तिथेही राहता येतं, हा दुसरा फायदा. पण ग्यानबाची मेख इथेच आहे. किराणा घरचा, पाण्याच्या बाटल्यांचा खोका घरचा, कोळसा आणि जाळी घरची, दारूच्या बाटल्याही शहरातल्याच. पाचनई असो, साम्रद असो, रतनवाडी असो, गावाच्या वाट्याला मग टायरच्या खुणा, कागदी प्लेटा आणि रात्री दोनपर्यंत वाजणारी गाणी एवढंच उरतं. या गावांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची घरं आहेत. भाताचं एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. पावसाळा सरला की मजुरीसाठी घर सोडून जायचं. अशा घरात तुम्ही चार माणसं दोन वेळा जेवलात, तर त्या आठवड्यापुरता तरी फरक पडतो. शिवाय जेवण चांगलं असतं. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा नाहीतर गावठी तांदळाचा भात. गाडीतल्या शेगडीवर उकळलेल्या नूडल्सशी त्याची तुलनाच नको.

हे जमवायचं कसं? निघण्याच्या दोन दिवस आधी फोन करा. पायथ्याच्या बहुतेक गावांत जेवण देणारी घरं आहेत आणि त्यांचे नंबर ट्रेकर मंडळींकडे असतात. माणसं किती, वेळ काय, शाकाहारी की कोंबडी, हे आधी सांगा, रात्री अकराला दार वाजवून "काकू, जेवायला मिळेल का?" असं विचारू नका. त्याच फोनवर गाडी उभी करायला अंगण किंवा खळं मिळेल का, तेही विचारा आणि त्याचे वेगळे पैसे द्यायची तयारी दाखवा. यजमान "राहू द्या हो" म्हणतील, तरी द्या. संडास आणि न्हाणीघर वापरणार असाल तर तेही त्यात धरा, कारण मार्चनंतर या गावांत हंडाभर पाणी आणायला बाईला किती चालावं लागतं, हे तुम्ही स्वतः पाहाल. गाडीतल्या टाकीत पाणी भरून न्यावं, ही एक गोष्ट मात्र मी आवर्जून सांगेन. गावाच्या विहिरीवरून टाकी भरू नये.

गाडी भाताच्या खाचरात घालू नका. कापणीनंतर ते मोकळं मैदान वाटतं, पण चाकाखाली बांध फुटला की पुढच्या पावसात पाणी ठरत नाही, आणि तो बांध हातांनी घालावा लागतो. धरणाच्या अगदी काठावर, ओढ्याच्या पात्रात, दरडीखाली मुक्काम नको. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, १९८६ सालापासून. नाक्यावर पावती फाडा, आणि जंगलात मनाला येईल तिथे गाडी लावून झोपू नका. या भागात बिबट्या फिरतो; रात्री हवेसाठी दार सताड उघडं ठेवून पोरांना दाराशी झोपवणं हा शहाणपणा नाही. काच चार बोटं खाली घ्या आणि खिडकीला मच्छरजाळी लावा.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत याच भागात काजवे पाहायला झुंबड उडते, आणि तेव्हा गाडीवाल्यांची जबाबदारी सर्वांत मोठी असते. उडत लुकलुकतो तो नर असतो. मादी खाली झुडपात, गवतात बसून त्याला उजेडानेच उत्तर देते. त्यांचं जमणं न जमणं या उजेडाच्या बोलण्यावर अवलंबून असतं. हेडलाइटचा झोत पडला की हे बोलणं तुटतं, आणि फोटोसाठी झाडाखाली शिरलेल्या पायांखाली माद्या चिरडल्या जातात. तेव्हा अंधार पडायच्या आत गाडी लावा, रात्रभर हलवू नका, आतल्या दिव्यांवर पडदा ओढा आणि पायवाटेवरूनच पाहा.

आता गाडीच्या आतलं. थंडीत बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणं, किंवा इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपणं, म्हणजे जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस झोपेतून उठतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकराजवळ रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा धूर आत शिरल्याचं तपासात पुढे आलं. जाड गोधडी न्या, कानटोपी घाला, पण आत जाळ नको. गॅसवर चहा करायचा तर दार उघडून, बाहेर.

गाडी भाड्याने घेताना नंबरप्लेट बघा. चालकाशिवाय भाड्याने देण्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका; अपघात झाला तर विम्याचे वांधे होतात. स्वतःच्या गाडीत पलंग-कपाट कायमचं ठोकायचं असेल तर आधी आरटीओत विचारा. काढता-घालता येणारी फळी आणि गादी ठेवली तर हा प्रश्नच येत नाही.

पिण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. स्थानिक पेय म्हटलं की अनेकांच्या मनात फक्त दारू येते. पण सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना इतकी पेयं आहेत, की नुसत्या त्यांच्या ऋतूंवर वर्षभराच्या सहली आखता येतील. घाटावर उन्हाळ्यात नाचणीची आंबील आणि ताक; डोंगर चढून आल्यावर मीठ घातलेल्या ताकासारखं दुसरं काही नाही. कळसूबाईच्या वाटेवर लिंबू सरबत विकणारे असतात. लिंबं, साखर आणि पाण्याचे हंडे त्यांनी खालून वर वाहून आणलेले असतात. तिथे दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. पालघर-डहाणूच्या बाजूला आशेरी किंवा कोहोज गडावर गेलात तर पहाटेची नीरा चुकवू नका. ताडाला रात्री मडकं बांधतात, आंबू नये म्हणून आतून चुना फासतात, आणि उजाडायच्या सुमाराला उतरवतात. ऊन चढलं की तिची ताडी व्हायला लागते. शहरातून सकाळी निघणाऱ्याला ती ताजी मिळणं कठीण. आदल्या रात्री जवळ मुक्काम केलेल्यालाच ती मिळते.

कोकणात उतरलात तर एप्रिल-मेमध्ये रातांब्यांचा हंगाम असतो. अंगणात फळं फोडायचं काम चाललेलं दिसेल. साल वेगळी, गर-बिया वेगळ्या. साल रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, तेव्हा कुठे तिचं काळंभोर आमसूल होतं. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. रस्त्यावरच्या दुकानांतली भडक लाल, गोडमिट्ट बाटली घेण्याआधी एखाद्या घरी आगळ मिळतं का विचारा. दोन चमचे आगळ, पेलाभर पाणी, चिमूटभर जिरं, चवीपुरती साखर. उन्हाने शिणलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही लागत नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आंबोलीहून खाली सावंतवाडीला उतरलात तर सोलकढी ओल्या नारळाच्या दुधातलीच मागा.

दारूचंही स्पष्टच बोलतो. दोडामार्ग, सत्तरी, चोर्ल्याच्या बाजूला मार्च ते मे काजूचा हंगाम. बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, तुडवतात; झिरपणारा ताजा रस तो निरो, त्यात दारू नसते आणि मुलांनाही देता येतो. रस आंबवून पहिल्या वाफेला उतरते ती हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांना प्यायची आहे त्यांनी गोव्यात परवानाधारक ठिकाणी बसून, आपला मान आणि प्रमाण सांभाळून जरूर चव घ्यावी. हुर्राक लिंबू-मिठाबरोबर सरबतासारखी जाते, म्हणूनच तिच्याबाबत जास्त जपायला हवं. गोव्यात घेतलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणायची नाही. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे; गुन्हा नोंदतात आणि गाडीही जप्त होऊ शकते. तुमचं तर अंथरूण-पांघरूणच गाडीत असतं. नाशिककडे हरिहर, अंजनेरी करून आल्यावर दिंडोरी-गंगापूरच्या बाजूला द्राक्षबागांतली वायनही रीतसर मिळते.

पण डोंगराच्या पायथ्याशी उतरून "गावठी मिळेल का?" असं कुणी विचारू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. मोहाचं फूल हे या माणसांचं अन्न आहे, औषध आहे, देवाचं आहे. हातभट्टी मात्र बेकायदा आहे, आणि धाड पडते तेव्हा पोलिस तुम्हाला नेत नाहीत, तुम्हाला बाटली आणून देणाऱ्या पोराला नेतात. दुसरं म्हणजे त्या बाटलीत काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. चार शनिवार चार गाड्यांनी हाच प्रश्न विचारला की गावातली दहावीतली मुलं त्या धंद्याला लागतात. मोह चाखायचा असेल तर चैत्रात पहाटे झाडाखाली फुलं वेचायला जा, सुकवलेल्या फुलांची भाजी-भाकरी खा.

आणि क्रम चुकवू नका. चढण्याआधी थेंबही नाही, गडावर बाटली न्यायचीच नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी उतरल्यावर, जेवणाबरोबर, मुक्कामाच्या रात्री, आणि यजमानांच्या घरात चालत असेल तरच. अंगणात म्हातारी माणसं, लेकरं असतात. गाडी चालवणाऱ्याने त्या रात्रीही न घेतलेली बरी, कारण रात्री कुणाला विंचू चावला, कुणाचा पाय मुरगळला तर राजूर किंवा घोटी गाठायला एक शुद्धीतला माणूस लागतो. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रात्री उशिरापर्यंत प्यायलेली सकाळी उतरलेली असतेच असं नाही.

पहिल्या खेपेला फार लांबचा बेत करू नका. मुंबई-नाशिककरांनी रतनवाडी धरावी. शुक्रवारी रात्री भंडारदऱ्याला शेंडीत मुक्काम, कारण धरणाच्या कडेचा पुढचा रस्ता अंधारात नवख्याने करू नये. शनिवारी पहाटे रतनवाडीत जाऊन गाडी लावा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, रतनगड चढा, नेढ्यात, म्हणजे खडकातल्या आरपार भोकात, बसून वारा खा. दुपारी उतरून जेवा, अमृतेश्वराचं देऊळ सावकाश बघा. त्यावरची कोरीव कामं तिरप्या उन्हात चांगली दिसतात. रात्री तिथेच अंगणात झोपा. रविवारी न्याहारी करून सकाळी दहाच्या आत निघा, म्हणजे कसाऱ्याची गर्दी लागत नाही. आपला कचरा, अगदी केळीच्या वेफर्सच्या पिशवीसकट, गाडीत भरून शहरात आणा. गावात घंटागाडी येत नाही. निघण्याआधी यजमानांकडे तांदूळ आहे का विचारा. बीजमाता राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळण्याच्या, आणि गावठी वाण जपणारी घरं इथे अजून आहेत. काळभात किंवा जिरवेल मिळाला तर पाच किलो तरी घ्या. भाव मॉलपेक्षा कमी करून मागू नका.