शाळा ‘डिजिटल’ झाली. पुढचे बिल कोणाचे?

बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत, घाटावर असो वा घाटाखाली, मूल पाचवी उत्तीर्ण झाले की ग्रामीण पालकासमोर एक प्रश्न उभा राहतो. त्याला गावातल्या जिल्हा परिषद शाळेतच ठेवायचे, की तालुक्याच्या ठिकाणी खासगी शाळेत घालायचे? अलीकडे या निर्णयात संगणक, प्रोजेक्टर आणि ‘स्मार्ट’ वर्गखोली यांना बरेच वजन आले आहे. त्यामुळे सहावी ते आठवीच्या सरकारी वर्गांत तंत्रज्ञान किती आणि कसे पोहोचते, हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा राहिलेला नाही. या वर्गांची पटसंख्या टिकण्याशीही त्याचा संबंध आहे.

उच्च प्राथमिक वर्गांसाठी संगणकाचा विचार नवा नाही. सर्व शिक्षा अभियानात संगणकाधारित शिक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्याला वर्षाकाठी ५० लाख रुपयांपर्यंत तरतूद होती आणि तिचा भर याच वर्गांवर होता. राज्याने २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम हाती घेतला. त्यानंतर लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ करण्याची मोहीमच राज्यभर सुरू झाली. समग्र शिक्षा योजनेने २०१८ पासून सहावी ते बारावीच्या शाळा माहिती तंत्रज्ञान उपक्रमात घेतल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर संगणकीय संकेतलेखनाशी, म्हणजेच कोडिंगशी, मुलांचा परिचय सहावी ते आठवीच्या टप्प्यावर व्हावा, असे स्पष्टच म्हटले. धोरणांची उणीव कधीच नव्हती. अडचण आहे ती हिशेबात.

समग्र शिक्षा योजनेनुसार एका संगणक प्रयोगशाळेच्या उभारणीसाठी ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत एकरकमी मदत मिळते. वीज, इंटरनेट, साहित्य आदी आवर्ती खर्चासाठी वर्षाला २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते, तीही केवळ पाच वर्षे. याचा अर्थ, एक प्रयोगशाळा चालती ठेवण्यासाठी महिन्याला २० हजार रुपयांपर्यंत खर्च येऊ शकतो, हे सरकारलाच मान्य आहे. ज्या शाळेला ही मदत मिळाली नाही किंवा जिची पाच वर्षे संपली, तिच्या हाती उरते ते संयुक्त शाळा अनुदान. १०१ ते २५० पटाच्या शाळेसाठी ते वर्षाला ५० हजार रुपये आहे. त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते. उरलेल्या रकमेचे महिन्याला सुमारे ३ हजार ७५० रुपये होतात. खडू, डागडुजी, वीजबिल आणि इंटरनेट या साऱ्यांचा भार त्यावरच पडतो.

लोकवर्गणीची मर्यादाही येथेच उघड होते. गाव एकदा उत्साहाने प्रोजेक्टर घेऊन देते. दर महिन्याचे बिल आणि जळालेला दिवा यांसाठी पुन्हा पुन्हा वर्गणी निघत नाही. राज्य वीज नियामक आयोगाने २०१२ मध्ये शाळा आणि रुग्णालयांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ असा स्वतंत्र दरगट निर्माण केला. त्यामुळे दराचे स्वरूप बदलले. परंतु बिल भरायचे कोठून, हा प्रश्न कायम राहिला.

दुसरा प्रश्न शिक्षकाचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा किमान प्रत्येकी एक शिक्षक हवा. पट शंभराहून अधिक असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. संगणक शिक्षकाचा मात्र त्यात उल्लेख नाही. प्रयोगशाळेची जबाबदारी मग गणिताच्याच शिक्षकाकडे जाते, आणि त्याची बदली झाली की किल्ली कपाटात पडून राहते.

यंत्रे आली म्हणजे शिक्षण सुधारले, असे मानण्यासही आधार नाही. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथे झाला. याच प्रकल्पाचे पेरू देशातील ३१९ शाळांत मूल्यमापन झाले, तेव्हा भाषा आणि गणितातील गुणांवर परिणाम दिसला नाही. उलट उदाहरण दिल्लीतील आहे. सरकारी शाळांतील सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेनंतर संगणकावर, त्यांच्या प्रत्यक्ष पातळीनुसार धडे देण्यात आले. अवघ्या साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत लक्षणीय प्रगती नोंदली गेली. याच अभ्यासात सहावीतील सरासरी विद्यार्थी गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे आढळला होता. संगणकाचा खरा उपयोग मागे पडलेल्या मुलाला त्याच्या पायरीवर गाठण्यात आहे. फळ्यावरचा धडा पडद्यावर दाखवण्यात नव्हे.

हे सरकारी व्यवस्थेला अशक्य आहे, असेही नाही. केरळने २००१ मध्ये ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू केला. पुढे २०१७ मध्ये त्याचे स्वतंत्र सरकारी कंपनीत रूपांतर केले आणि शिक्षक प्रशिक्षण, मुक्त संगणकप्रणाली व उपकरणांची देखभाल एकाच छताखाली आणली. बुलढाणा जिल्ह्यातही शेगाव येथे केंद्र सरकारचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. तेथे स्वतंत्र तरतूद आणि पूर्ण शिक्षकवर्ग यांच्या बळावर सरकारी शाळा चालते. मात्र नवोदयमध्ये सहावीत दरवर्षी अधिकाधिक ८० मुलांनाच प्रवेश मिळतो. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत राहणाऱ्या उर्वरित मुलांचा आधार जिल्हा परिषदेची शाळाच आहे.

त्यामुळे आता गरज आणखी एका खरेदीची नाही. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात शाळांच्या वीज, इंटरनेट आणि दुरुस्तीसाठी कायम लेखाशीर्ष हवे. प्रत्येक तालुक्याला किमान एक तंत्रज्ञ हवा. आढावा बैठकीत किती संच बसवले याबरोबरच गेल्या महिन्यात ते किती तास चालले, हेही विचारले गेले पाहिजे. केंद्राची पाच वर्षांची मदत संपण्यापूर्वी ही व्यवस्था उभी राहिली नाही, तर वर्गातले संच बंद पडतील. ज्यांच्या पालकांना परवडते ती मुले तालुक्याच्या शाळेत जातील आणि उरलेली त्याच वर्गात बसून राहतील. सहावी ते आठवीची ही तीन वर्षे त्या मुलांना पुन्हा मिळणार नाहीत.