पेटीपुढील जागा

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. पेडणे तालुक्यातील एका लहानशा गावी देवळात सायंकाळी भजन होते. बाहेर पावसाची झड लागली होती. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, पायरीशी छत्र्यांचा ढीग पडला होता आणि आत समईच्या उजेडात मंडळी टाळ घेऊन बसली होती. पखवाजाला कणीक लावून झाली, पेटीवरची खोळ निघाली; परंतु पेटी वाजविणारे गृहस्थ काही आले नव्हते. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. तेव्हा मागल्या रांगेतून इयत्ता नववीतला एक मुलगा हळूच पुढे सरकला. कोणीतरी त्याला दटावले. तोच मंडळींतले सर्वांत वृद्ध बुवा मागे न पाहताच म्हणाले, "ताका बसूं दी रे. चुकलो जाल्यार आमी आसांव मरे!"

मुलगा बसला. गजर सुरळीत पार पडला. पहिल्या अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात त्याचे बोट भलत्याच काळ्या पट्टीवर गेले. पण वीस गळ्यांनी ती चूक अशी काही पोटात घेतली, की गाभाऱ्यातल्या विठ्ठलालादेखील ती कळली नसेल. मध्येच पेटीवादक भिजून चिंब होऊन आले. त्यांनी हात पुसले आणि मुलाला न उठविता, टाळ घेऊन ते त्याच्या शेजारी बसले. पुरते दोन अभंग ते तसेच बसून होते. मग मुलगा आपण होऊन उठला. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो कोणत्याही परीक्षेच्या निकालाच्या दिवशी मी माझ्या वर्गात पाहिलेला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, त्या रात्री घरी परतताना माझ्या मनात जो विचार आला, तोच या लेखात मांडावयाचा आहे. संगीताच्या एखाद्या सायंकाळची योग्यता आपण कशावरून ठरवावी? त्या सायंकाळी सर्वांत चांगले कोण गायले वा कोणी वाजविले, यावरून आपण ती ठरवितो. माझ्या मते हे माप अपुरे आहे. जेथे शिकणाऱ्याला वाद्यापुढे बसावयास जागा मिळते, ती सायंकाळ श्रेष्ठ होय. जेथे ती मिळत नाही, तेथील संगीत कितीही निर्दोष असले, तरी ते त्या गावचे राहत नाही.

हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष असलाच तर त्यात माझाही वाटा आहे. सुमारे आठ वर्षांपूर्वी मी एका भजनी मंडळाचा पत्रव्यवहार पाहत असे. त्या मंडळात दोन वर्षे एक शाळकरी मुलगा पेटी वाजवीत होता. तो काही असामान्य वादक नव्हता. पण प्रत्येक एकादशीला येई, आणि कोणाला कोणता स्वर लागतो, कोणाला काळी एक व कोणाला पांढरी चार, हे त्याला तोंडपाठ होते. एका स्पर्धेला पंधरा दिवस उरले असता आम्ही शहरातून एक सराईत वादक मानधन देऊन आणावयाचे ठरविले. त्या ठरावाला मीही मान हलविली. मुलाला टाळ देऊन मागच्या रांगेत उभे केले. आम्हांला ढाल मिळाली, छायाचित्र निघाले. पुढच्या एकादशीला शहरातले वादक अर्थातच आले नाहीत. आणि तो मुलगाही आला नाही. त्या रात्री आम्ही नुसत्या टाळ-पखवाजावर भजन केले. भिंतीवर ढाल चमकत होती आणि खाली पेटी खोळीत होती.

पुढे काही वर्षांनी तो मुलगा मला बसस्थानकावर भेटला. नोकरीला लागला होता. "पेटी वाजवतोस ना?" असे मी विचारले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "सोडली सर." त्याच्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

आता पेटीचीच कुळकथा थोडक्यात पाहू. कारण तिच्यातही हाच धडा आहे. पेटी मूळची आपली नव्हे. पातळ धातूची पट्टी वाऱ्याने कंप पावून स्वर देते, या तत्त्वावर युरोपात एकोणिसाव्या शतकात अनेक वाद्ये निघाली. व्हिएन्ना येथे सिरिल डेमियन याने १८२९ साली अ‍ॅकॉर्डियनचे एकस्व घेतले. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास हार्मोनियमला रूप दिले. म्हणजे अ‍ॅकॉर्डियन आणि पेटी ही सख्खी भावंडेच म्हणावयाची. थोरले गळ्यात अडकवून उभ्याने वाजवितात. धाकटीपुढे मांडी घालून बसावे लागते. ‘संगम’ (१९६४) या चित्रपटात राज कपूर यांच्या गळ्यात दिसणारे वाद्य ते हेच थोरले भावंड. मोठ्या अ‍ॅकॉर्डियनला डाव्या हाताखाली १२० बटणे असतात. त्यांतून स्वरांचे गुच्छ निघून गाण्याला आधार देतात. आपल्या गायनाला अशा गुच्छांची गरज नव्हती. त्याला गळ्यामागून सावलीसारखी चालणारी एकच सुरावट हवी होती. म्हणून आपल्याकडे डावा हात स्वरांतून मोकळा होऊन भात्याला लागला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाताने भाता मारण्याची जी सुटसुटीत पेटी प्रचारात आणली, ती पाहता पाहता देशभर पसरली. आमच्या पेडणे-डिचोलीत तर तिच्यावाचून भजन नाही, दशावतार नाही आणि जत्रेतले नाटकही नाही.

पेटीवर विद्वानांचा रोष कमी नव्हता. तिचे स्वर जागच्या जागी ठरलेले. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला येत नाही, आणि श्रुतींचे सूक्ष्म भेदही दाखविता येत नाहीत. हा आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा आहे. या कारणास्तव आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली, आणि ती पुढे सुमारे तीस वर्षे टिकली. रवींद्रनाथ ठाकूरही त्या बंदीच्या बाजूचे होते. मग गावांनी पेटी का टाकली नाही? माझे उत्तर असे, की विद्वानांना जो तिचा दोष वाटला, तोच शिकणाऱ्याच्या दृष्टीने तिचा गुण होता. सारंगीवर खरा षड्ज सापडावयास महिने लागतात. पेटीवर तो पहिल्या दिवशी बोटाखाली येतो आणि दुसऱ्या दिवशीही तेथेच असतो. शेतातून वा दुकानातून थकून आलेल्या माणसाला, दप्तर टाकून धावत आलेल्या मुलाला, ‘ये, बस, हा घे स्वर’ असे म्हणणारे वाद्य हेच.

आणि या वाद्यापुढे बसणाऱ्यांतूनच पुढे मोठे कलावंत निघाले. फोंडा तालुक्यातील बोरी येथे १९३४ साली जन्मलेले पंडित तुळशीदास बोरकर यांना पहिले स्वर आपल्या मातेकडून मिळाले. पुढे ते मधुकर पेडणेकर यांच्याकडे शिकले. या गुरूंचे आडनावच आपल्या पेडण्याचा पत्ता सांगते. ज्या वाद्याला एके काळी आकाशवाणीचे दार बंद होते, त्याच्या सेवेबद्दल बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. त्यांच्या थोरवीचे आपण गोडवे गातो, ते योग्यच आहे. पण आरंभी त्यांनाही कोणीतरी पेटीपुढे बसू दिले होते, हे विसरू नये.

आपल्या शेजारच्या समाजाचे उदाहरण याहून बोलके आहे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या पाठशाळांतून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजविण्याचे शिक्षण मिळे. हा मुलगा पुढे नाव काढील काय, असे आधी कोणी विचारीत नसे. परिणाम काय झाला? मुंबईच्या चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाची गरज पडली, तेव्हा कागदावरचे स्वर पाहून वाजविणारे वादक गोव्यानेच मोठ्या संख्येने पुरविले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील गाण्यात गुरूंचे नाव गुंफले गेले, ते या नात्यामुळे. दहा जणांना निवडून त्यांनाच शिकविले असते, तर हे घडले नसते. सर्वांना शिकविले, म्हणून त्यांतून पुष्कळ निघाले.

परदेशातील एक रीतही सांगण्यासारखी आहे. अ‍ॅकॉर्डियनला स्कॉटलंडमध्ये फार मान आहे. तेथे गावोगावी अ‍ॅकॉर्डियन आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजविणाऱ्यांची मंडळे आहेत. बहुतेक मंडळे महिन्यातून एकदा सायंकाळी जमतात, आणि एखाद्या नामांकित वादकाला पाहुणा म्हणून बोलावतात. परंतु पाहुणा आरंभी वाजवीत नाही. आधी गावचे वादक वाजवितात. त्यांत म्हातारे असतात, नवशिके असतात आणि शाळकरी मुलेही असतात. त्यांचे झाल्यावर मग पाहुण्याची पाळी. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. गावच्या मुलाला व्यासपीठ मिळते, आणि लगेच त्यानंतर आपल्याहून श्रेष्ठ वादन ऐकावयासही मिळते. मान आणि नम्रता हे दोन्ही धडे तो एकाच सायंकाळी शिकतो.

माझ्या म्हणण्यावर कोणी आक्षेप घेतील, की स्पर्धांमुळे भजनाचा दर्जा वाढला आहे. ते मला मान्य आहे. तालाचा कच्चेपणा गेला, उच्चार शुद्ध झाले, आणि पूर्वी देवळात केवळ श्रोत्यांच्या बाजूला बसणाऱ्या स्त्रिया व मुली आज स्वतःची मंडळे घेऊन व्यासपीठावर येतात, ही मोठीच गोष्ट आहे. सराईत वादकाला मानधन देणे यातही गैर काहीच नाही. कला ही त्याची भाकरी आहे. माझा आक्षेप त्याच्या येण्याला नाही; त्याच्या येण्याने आपला मुलगा उठविला जातो, त्याला आहे. सराईत वादक स्पर्धेपुरता येण्याऐवजी चार एकादशा आधी आला आणि त्याने आपल्या मुलाला शेजारी बसविले, तर त्याच मानधनात गावाला एक वादक मिळेल.

शाळांनाही हे लागू आहे. स्नेहसंमेलनात आज ध्वनिमुद्रित संगीत लावून त्यावर गाण्याची वा नाचण्याची प्रथा पडली आहे. ते संगीत कधी चुकत नाही, पावसामुळे त्याला उशीरही होत नाही. पण ते गाणाऱ्याकडे कधी पाहत नाही. मुलगी बावरून एक ओळ विसरली, तर पेटीवर बसलेला तिचा वर्गबंधू तीच ओळ पुन्हा वाजवून तिला सावरून घेतो. यंत्र मात्र पुढे निघून जाते. एकमेकांना सांभाळून घेणे हा जर शिक्षणाचा भाग असेल, तर पेटीवरची एक चूक यंत्राच्या दहा निर्दोष गाण्यांहून मोलाची आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक भजनी मंडळाने एकादशीच्या भजनातील पहिला अर्धा तास शिकणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. शाळेने संमेलनात निदान एक गीत तरी विद्यार्थ्यांच्याच पेटी-तबल्यावर करावे. पालकांनी, मुलगा एकच पलटा घोकतो म्हणून दार लावून घेऊ नये. तो पलटाच उद्याचा अभंग आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही स्वतः बोलावण्याची वाट पाहत मागल्या रांगेत बसून राहू नका. २०२३ पासून मोपच्या माळावरून विमाने उडू लागली आहेत. तुमच्यापैकी कित्येक जण उद्या त्यांतून दूरदेशी जातील. जाताना पेटी बरोबर नेता आली नाही, तरी बोटांत चार अभंग न्यावयास कोणाची हरकत नाही.

त्या एकादशीच्या रात्री भैरवी संपल्यावर मी त्या नववीतल्या मुलाजवळ गेलो. "पुढच्या एकादशीला येणार ना?" असे विचारले. त्याने माझ्याकडे न पाहता वृद्ध बुवांकडे पाहिले. बुवा टाळ पिशवीत भरीत होते. ते म्हणाले, "येतलो. पेटयेची खोळ आतां तोच घालतलो."

मुलाने खोळ नीट चढविली, कोपरे सारखे केले आणि पेटी उचलून कपाटात ठेवली. भिंतीवर एकही ढाल नसलेल्या त्या देवळातून मी पावसात बाहेर पडलो, तेव्हा माझ्या मनात दुसऱ्याच एका मुलाचे नाव घोळत होते. यंदा कार्तिकीला त्याच्या घरी जाऊन त्याला बोलावणे करावयाचे मी ठरविले आहे. पेटीपुढील जागा त्याच्यासाठी आम्ही राखून ठेवू. ती त्याने घ्यावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार मात्र मला नाही.