ओलांडचा धडा

बाल्टिक समुद्रातील ओलांड बेटांची वस्ती सुमारे ३० हजार. तेथील भाषा स्वीडिश, सत्ता फिनलंडची. स्वीडनमध्ये सामील होण्याची जनतेची मागणी १९२१ साली राष्ट्रसंघाने फेटाळली. मात्र ती फेटाळताना बेटांची भाषा, भूमी व संस्कृती राखण्याची हमी फिनलंडकडून घेतली.

आज मारिएहाम येथील तीस सभासदांचे विधिमंडळ शिक्षण, आरोग्य व पोलीस ही खाती सांभाळते. राजभाषा एकच, स्वीडिश. स्थानिक हक्क नसलेल्यास जमीन खरेदीवर निर्बंध आहेत. बेटांवर लष्कर नाही. १९५४ पासून स्वतःचा ध्वज, १९८४ पासून स्वतःची टपाल तिकिटे. जहाजवाहतुकीच्या बळावर हा चिमुकला समाज ताठ मानेने नांदत आहे.

विलीनीकरण नाकारणाऱ्यांनी तेथे निदान भाषा तरी नाकारली नाही. आमच्या सीमाभागाला मात्र १९५६ पासून विलीनीकरणही नाही आणि मराठीतून सरकारी कागद मिळविण्यासाठीही झगडावे लागते. स्वायत्ततेवर समाधान मानणारे आम्ही नव्हे. आमची मागणी महाराष्ट्राचीच. परंतु २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत मातृभाषेची गळचेपी करण्याचा अधिकार कोणी कोणास दिला, एवढेच आम्ही विचारतो.